पांढरे हातमोजे

बँगोर, मेन, अमेरिका
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय बाबल्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. गरव्या भाताची डुकरांनी नासाडी केली, वाचून वाईट वाटलं. पण शेवटी तू सहज लिहिलंस ना, ‘रात्री पोरांबरोबर बॅटरी घेऊन जातो, डोळे चमकले की बार’, त्याने पोटात गोळा आला. वनखात्याचा कागद आहे म्हणतोस, तेव्हा कायद्याचं पुराण लावत नाही. मला फक्त त्या एका वाक्याबद्दल बोलायचंय.

आज निवांत आहे, कारण इथे रविवारी शिकारीला बंदी. मी परवाना काढला तेव्हा आधी सुरक्षेचा कोर्स करावा लागला. मनात म्हटलं, आबांची ठासणीची बंदूक बघत आपण वाढलो, हे मला काय शिकवणार! आमच्या म्हाताऱ्या मास्तरांनी पडद्यावर दोन सेकंद एक चित्र दाखवलं. झाडी, आणि मध्ये तपकिरी काहीतरी. म्हणाले, काय दिसलं ते लिहा. निम्म्या वर्गाने ‘हरीण’ लिहिलं. मीही. पुढच्या चित्रात झुडूप नव्हतं. तपकिरी जाकीट घातलेला माणूस वाकून बुटाची नाडी बांधत होता. वर्गात कोणी हसलं नाही.

मग त्यांनी हर्मनची गोष्ट सांगितली. हर्मन म्हणजे आमच्या बँगोरला लागूनच, कुडाळ-पिंगुळीसारखं. १५ नोव्हेंबर १९८८. जुळ्या तान्ह्या मुलींची आई घरामागच्या झाडीत गेली होती. हातात पांढरे हातमोजे. इथल्या हरणाची शेपटी खालून पांढरीशुभ्र, पळताना ती वर करतं. शिकाऱ्याला वाटलं, शेपटी हलली. बाई जागच्या जागी गेली. शिकारी चांगला माणूस म्हणून गावात ओळखला जायचा. १९९०मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं, आणि कितीतरी लोक उलट बाईलाच बोल लावत राहिले, की मोसमात पांढरं घालून बाहेर आलीच कशाला. स्वतःच्या परसात, बरं का! त्यानंतर १९९१मध्ये इथे कायदा झाला, की जनावराचं डोकं आणि धड नीट दिसल्याशिवाय गोळी झाडायची नाही. शेपटी दिसली, पाला वाजला, सावली हलली, यातलं काही चालत नाही. चूक झाली तर जबाबदार बंदूक धरणारा, समोरच्याने काय घातलं होतं ते नंतर.

आता तुझ्या बॅटरीकडे येतो. गाय, कुत्रा, मांजर, सांबर यांच्या डोळ्यांत मागे एक चकाकणारा पडदा असतो, म्हणून ते उजेडात पेटल्यासारखे दिसतात. तो पडदा डुकराला नसतो. माणसालाही नसतो. म्हणजे चमकले ते डोळे बहुतेक कुणाच्या तरी गाईचे, आणि चमकले नाहीत तो काळा ढिगारा एकतर डुक्कर, नाहीतर शेतातल्या मांगरापाशी, त्या खोपटापाशी, बिडी ओढत बसलेला राखणदार. तुमची खूण नेमकी उलटी आहे, बाबल्या.

आणि गोळी जनावरापाशी थांबते थोडीच! इथली थर्टी-ऑट-सिक्स रायफलीची गोळी चुकली तर चार-पाच किलोमीटरही जाऊ शकते. तुमची काडतुसाची बंदूक तेवढी लांब मारत नाही, पण आपल्याकडे कातळ. दगडावर आपटलेली गोळी कुठे उडेल त्याचा नेम नाही. म्हणून मागे मातीचा बांध किंवा डोंगराची उतरण असेल तरच. माथ्यावर आभाळाला लागून उभं असलेलं डुक्कर सोडून द्यायचं, कितीही मोठं असो.

तुला आठवतं, काजीत पाला वाजला म्हणून आबांनी बंदूक खांद्याला लावली होती? आणि शेजारची काकी डोक्यावर भारा घेऊन बाहेर आली. आबांचं बोट घोड्यावर नव्हतं, बाजूला सरळ ठेवलेलं होतं. तेव्हा आपण खिदळलो. आबा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांचं ते सरळ बोट मला या वर्गात पुन्हा दिसलं.

काल संध्याकाळी माझ्यापुढे साठ पावलांवर फांद्यांमागे तपकिरी पाठ होती. पाठच. शेपटी हलली तरी डोकं दिसेना. उजेड संपत आला, मी बंदूक रिकामी करून घरी आलो. शेजाऱ्याने दाराशीच विचारलं, ‘आजही रिकाम्या हाताने?’ मला राग आला, खोटं कशाला सांगू.

माझा मावसभाऊ डिसेंबरात येतोय. त्याच्याबरोबर भडक केशरी टोप्या पाठवतोय, सहा. इथे मोसमात टोपी आणि अंगावर एक कपडा असा केशरी घालावाच लागतो. डुकराला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, तेव्हा शिकार हुकेल ही भीती नको. पोरं हसतील, हसू देत. एक टोपी मांगरावरच्या राखणदाराला दे, आणि टोप्या पोचेपर्यंत रात्रीचं जाणं बंद ठेव. काकींना नमस्कार सांग.

तुझा,
सुऱ्या