दिवाणापासून भिंत अकरा फूट

वरूड तालुका,
डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू चिडलास, "घ्यायचाच तर ४के घे, टीव्ही काय दरसाल घेणार आहेस?" माझं उत्तर अर्धंच झालं आणि आवाज तुटला. म्हणून सविस्तर लिहितो.

यंदा संत्र्याचा आंबिया बहार बरा गेला. व्यापाऱ्यानं बगीचा झाडावरच घेतला आणि पैसेही वेळेत दिले. बाबांचा जुना डबा टीव्ही बदलायचा हे पाऊस पडायच्या आधीच ठरलं होतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढा भारही हलका झाला.

वरूडच्या दुकानात ४३ इंचांचे दोन टीव्ही शेजारी लावले होते. एक फुल एचडी, दुसरा ४के, म्हणजे चित्रात चौपट ठिपके, सहा हजारांनी महाग. ४केवर मोरपीस दाखवत होते, त्याचा तंतू न् तंतू मोजावा असा. खरं सांगतो, मन त्याच्यावरच बसलं होतं. पण मी उभा होतो टीव्हीपासून दोन हातांवर, आणि ते चित्रही ४केतच काढलेलं.

घरी आल्यावर टेप लावला. बाबांच्या दिवाणापासून भिंत भरली अकरा फूट. मग पोरीच्या वहीतला ग्राफपेपर भिंतीला चिकटवला. तुला आठवत असेल, त्यातला बारीक चौकोन एक मिलिमीटरचा असतो. एकेक पाऊल मागे सरकत गेलो. चार फुटांवर रेघा स्वच्छ, सहा फुटांवर पुसट. आठ फुटांवर बारीक चौकोन विरले आणि कागद नुसता फिका हिरवा दिसायला लागला. पोरीची नजर तीक्ष्ण, तिला आणखी फूटभर दिसले. दिवाणावरून मात्र तिलाही नाही.

आता हिशेब बघ. ४३ इंची पडदा रुंदीला ९५ सेंटिमीटर. फुल एचडीत त्या रुंदीत १९२० ठिपके बसतात, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. ४केत ३८४० बसतात, ठिपका पाव मिलिमीटरचा. चांगली नजर कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंत वेगळेपण ओळखते. त्या मापानं अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका साडेपाच-सहा फुटांपलीकडे सुटा दिसतच नाही. ४केत एकूण ८३ लाख ठिपके आणि फुल एचडीत पावणेएकवीस लाख, हे खरंच आहे. पण आमच्या अकरा फुटांवर ते बासष्ट लाख जास्तीचे ठिपके कुणाच्या डोळ्यांत शिरणार?

आणि आमच्याकडे चित्र येतं कुठून, तर छत्रीतून. फ्री डिशवरची बरीचशी चॅनलं अजून साध्या दर्जाचीच, ७२० बाय ५७६. म्हणजे चार लाख ठिपके. बाकीचे ठिपके टीव्ही आपल्या अंदाजानं भरतो. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं, ४केला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. आमचा दिवसाचा पॅक दीड जीबीचा!

तुझी गोष्ट वेगळी. तुझ्या पुण्याच्या हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही आणि सोफा सहा फुटांवर. तितक्या मोठ्या पडद्यावर फुल एचडीचा ठिपका सात फुटांपर्यंत जाणवू शकतो, शिवाय तुझ्याकडे केबलचं इंटरनेट. तू ४के घेतलास ते बरोबरच केलंस.

इथं अडचण वेगळीच आहे, आणि दुकानात ती कुणीच विचारली नाही. बाबांना ऐकू कमी येतं. सह्याद्रीवर शेतीचा कार्यक्रम लागला की ते दिवाणावरून उठून टीव्हीजवळ पिढं घेऊन बसतात, कान पुढे करून. नव्या चपट्या टीव्हीचे स्पीकर बारके, आवाज खाली नाहीतर मागे फेकतात, शब्द फुटतात. मी म्हटलं, टीव्हीखाली साउंडबार, म्हणजे वेगळा लांबट स्पीकर, लावतो. तर म्हणाले, "कायले एवढा खर्च करतं बाबू, मले दिसते ना!" दिसतं हो बाबा, पण ऐकू यायला नको?

म्हणून फुल एचडी सांगून आलो. वाचलेल्या सहा हजारांत साउंडबार आणि स्टॅबिलायझर. रात्री मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज किती चढतं, ते तू पाहिलंच आहेस.

टीव्ही रविवारी येतो. ग्राफपेपर मी काढलेला नाही, त्याच्या बाजूलाच टीव्ही टांगणार आहे. संक्रांतीला येशील तेव्हा बाबांच्या दिवाणावर बस, चौकोन मोज, आणि मग भांड माझ्याशी. वहिनींना नमस्कार सांग. संत्र्यांची पेटी गुरुवारच्या गाडीनं पाठवतोय, उतरवून घ्यायला कुणाला तरी पाठव.

तुझाच,
गावाकडचा दोस्त