सोमवारची गोळी आणि फोंड्याचे डॉक्टर

पुणे,
रविवार, रात्र

तीर्थस्वरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

घरात आपण कोंकणीच बोलतो, पण पत्र म्हटलं की हात मराठीकडे वळतो. बाबा, ही सवय तुम्हीच लावली. फोनवर बोलायला गेले तर पुन्हा आवाज चढेल, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी माफी मागते. दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून आपण घरी आलो आणि चहाची पूड शोधताना मला कपाटात आईच्या संधिवाताच्या गोळीची, मेथोट्रेक्सेटची, न फोडलेली पाकिटं सापडली. आषाढापासूनची. ती सोडून आई फोंड्याच्या डॉक्टरांच्या होमिओपॅथीच्या गोळ्या घेत होती. मी आईला म्हटलं, "साखरेच्या गोळ्यांवर सांधे सांभाळणार आहेस का?" पाहुण्यांसमोर म्हटलं. बाबा उठून सोप्यावर जाऊन बसले. आई काहीच बोलली नाही, फक्त नंतर भांडी पुसताना त्या डॉक्टरांबद्दल हळूच म्हणाली, "तो म्हजें आयकून घेता गो." तेवढं एकच वाक्य. बसमध्ये रात्रभर ते माझ्या डोक्यात होतं.

आणि खरं तेही सांगते. गेल्या चवथीला आईला नेवरीच्या कडेला मुरड घालता येत नव्हती, बोटं वाकत नव्हती. यंदा तिने घातली. मी बघितलं. तुला बरं वाटतंय हे तू मनाचं सांगत नाहीस, हे मला मान्य आहे. ते कशामुळे वाटतंय, एवढाच माझा प्रश्न आहे. मी पोरांना कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आणि स्वतःच्या आईच्या बाबतीत न वाचताच ओरडले. म्हणून हे आठ-दहा दिवस वाचत होते.

बाबा, गणितापासून सुरू करते, तुम्हाला आवडेल. आईच्या बाटलीवर 'नक्स व्होमिका ३०' लिहिलंय. नक्स व्होमिका म्हणजे आपल्या मागच्या डोंगरावरचा काजरो. त्याच्या बीत स्ट्रिकनीन असतं, जहाल विष. लहानपणी तुम्ही आम्हाला त्या फळाला हात लावू देत नव्हता. तीस म्हणजे एक भाग अर्क, नव्व्याण्णव भाग पाणी किंवा अल्कोहोल, हलवायचं, त्यातला एक भाग पुन्हा नव्व्याण्णवात, असं तीस वेळा. एकावर साठ शून्यं. बाराव्या वेळेलाच एकावर चोवीस शून्यं होतात. एक मिलिलीटर अर्क पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या जवळजवळ पाऊणपट पाण्यात मिसळावा, तेवढं ते पातळ. एका मोलमध्ये रेणू असतात ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणजे बाराव्या पायरीच्या आसपासच काजऱ्याचा शेवटचा रेणू संपतो आणि पुढच्या अठरा पायऱ्या नुसतं पाणी पाण्यात. (मदर टिंक्चरची, म्हणजे पातळ न केलेल्या मूळ औषधाची, गोष्ट वेगळी. त्यात खरोखरच वनस्पतीचा अर्क असतो, म्हणून ते कुणी दिलं तर मला विचारल्याशिवाय घेऊ नका.)

यावर होमिओपॅथीची माणसं म्हणतात, रेणू नसला तरी गुण उरतो, पाण्याला आठवण असते. बरं, तसं समजू. कसा चालतो हे ठाऊक नसलं तरी एखादा उपाय चालू शकतो. मग चालतो का, हे करून बघायला हवं. आणि हे करून बघणं फार जुनं आहे. १८३५ साली जर्मनीत न्यूरेंबर्गच्या एका खानावळीत लोक जमले. काही बाटल्यांत वितळलेल्या बर्फाचं नुसतं पाणी, काहींत तीसच्या शक्तीचं मीठ. कुणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही. पन्नास जणांनी नंतर येऊन सांगितलं. बेचाळीस जणांना काहीच झालं नाही. आठ जणांना काहीतरी जाणवलं, त्यांतल्या पाच जणांनी औषध घेतलं होतं आणि तिघांनी नुसतं पाणी. होमिओपॅथीचे जनक हानेमान तेव्हा हयात होते. आजही औषध तपासण्याची पद्धत हीच आहे, फक्त माणसं जास्त आणि हिशेब काटेकोर. १८३५! आपल्याकडे पणजीत पोर्तुगीजांची वैद्यकीय शाळा निघायलाही अजून सात वर्षं होती.

हानेमान लबाड नव्हते, बाबा, हे मला मनापासून लिहायचं आहे. त्यांच्या काळात वैद्य माणसाचं रक्त काढायचे, पारा पाजायचे. १७९० मध्ये त्यांनी सिंकोनाची साल स्वतः खाऊन बघितली, हिवतापासारखी लक्षणं अंगावर घेतली आणि तिथून 'समानाने समान बरं होतं' हा विचार धरला. तुम्ही चवथीला लंडनच्या कॉलऱ्याचा दाखला दिलात, की १८५४ मध्ये होमिओपॅथीच्या इस्पितळात माणसं कमी मेली. ते खरं आहे. पण दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. कॉलऱ्याने आधीच सुकलेल्या माणसाचं रक्त काढत होते, जुलाब देत होते. त्यापेक्षा काहीही न करणं बरं होतं, आणि होमिओपॅथी म्हणजे पाणी, शांतता आणि शुश्रूषा. आजच्या मेथोट्रेक्सेटशी तिची तुलना करायची तर ती त्या काळच्या रक्त काढण्याशी करून चालणार नाही.

तुम्ही म्हणालात, "संशोधन झालंय, छापून आलंय." झालंय, आणि सगळं विरोधातलं नाही. १९९७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ८९ चाचण्यांची एकत्र आकडेमोड आली, आणि तिच्यात होमिओपॅथी नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस दिसली. तुमच्या हातात आलेलं कात्रण बहुधा त्याचंच असावं. पण पुढची गोष्ट कात्रणात येत नाही. दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी पुन्हा तपासलं, तर जितकी चाचणी काटेकोर तितका फरक कमी, असं त्यांनाच दिसलं. २००५ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोकांनी ११० चाचण्या होमिओपॅथीच्या आणि ११० ॲलोपॅथीच्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हीकडे लहान, ढिसाळ चाचण्यांत गुण फुगलेला होता. मोठ्या आणि चांगल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर (होमिओपॅथीच्या ८, ॲलोपॅथीच्या ६) ॲलोपॅथीचा गुण टिकला, होमिओपॅथीचा जवळजवळ विरला. आठच का निवडल्या, यावर भांडणं झाली आणि ती रास्तच होती. मग २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने ६१ तक्रारींवरचा पुरावा चाळला, आणि एकाही आजारात होमिओपॅथी चालते असं म्हणण्याजोगा विश्वासार्ह पुरावा तिला मिळाला नाही. तिथेही आक्षेप आले, की दीडशेपेक्षा कमी माणसांच्या चाचण्या त्यांनी धरल्या नाहीत. मला विचाराल तर ते बरोबरच केलं. वीस माणसांत नाणं उडवूनही काहीही दाखवता येतं, हे मी दर वर्षी वर्गात करून दाखवते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते २०२२ मधलं एक काम. होमिओपॅथीच्या ज्या चाचण्यांची आधी नोंद झाली होती, त्यांतल्या सुमारे ३८ टक्के पुढे कधी छापूनच आल्या नाहीत. आपण वाचतो ती छापलेली, न छापलेल्यांत काय निघालं ते कळत नाही. परीक्षेला बसलेल्या मुलांपैकी पास झालेल्यांचीच यादी फळ्यावर लावावी तसं. तुम्ही हेडमास्तर असताना कुणी तसं केलं असतं तर तुम्ही चालवून घेतलं असतं का?

शिरोड्याला कामाक्षीदेवीच्या नावाचं होमिओपॅथी कॉलेज आहे, १९७३ पासून कायदा आहे, आता राष्ट्रीय आयोग आहे, मग खोटं कसं, हा तुमचा तिसरा मुद्दा. कायदा हे ठरवतो की कुणी शिकून दवाखाना घालावा. अमुक गोळी अमुक आजारावर चालते, हे कायदा ठरवत नाही. आणि सरकारने दिलं म्हणून चालतं असं ॲलोपॅथीतही नसतं. करोनात होमिओपॅथीचं आर्सेनिकम आल्बम वाटलं, तसंच २०२१ च्या मे महिन्यात आपल्या गोव्यात अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन द्यायचं जाहीर झालं होतं, आठवतं? ती ॲलोपॅथीची गोळी. पुढच्या वर्षी ब्राझीलची मोठी चाचणी आली, आयव्हरमेक्टिनने इस्पितळात जाणं टळत नाही असं निघालं, आणि ती गोळी मागे पडली. मला फक्त एवढीच वजनकाट्याची तागडी हवी आहे, दोघांना एकच.

आई, आता तुझ्या वाक्याकडे येते.

इंग्लंडमध्ये तुझ्यासारख्याच संधिवाताच्या ८३ जणांवर एक चाचणी झाली, २०११ मध्ये छापून आली. काही जणांना होमिओपॅथने बसवून सविस्तर विचारपूस केली, काहींना नाही. काहींना खरी गोळी, काहींना साखरेची. सहा महिने. निघालं असं की गोळी खरी की खोटी याने फरक पडला नाही. पण ज्यांच्याशी होमिओपॅथ बसून बोलला, त्यांना खरंच बरं वाटलं. म्हणजे "तो म्हजें आयकून घेता" हे तू म्हणालीस, तेच त्या संशोधकांनी मोजून काढलं. मी हे वाचलं तेव्हा वही बंद करून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

फोंड्याच्या डॉक्टरांनी तुला पहिल्या दिवशी सव्वा तास विचारलं. झोप कशी लागते, तहान किती, थंडी सोसते का, स्वप्नं कसली पडतात, मन कशाने भरून येतं. तू त्यांना मामा गेल्याचं सांगितलंस. मला कधी नाही सांगितलंस, आणि मी विचारलंही नाही. मोठ्या इस्पितळात तासन्‌तास बाकावर बसून तुला किती वेळ मिळायचा? आत गेलीस की रिपोर्ट बघून, मान वर न करता, पुढची तारीख. आपल्या देशात साध्या डॉक्टरकडे एका माणसाला सरासरी सुमारे दोन मिनिटं मिळतात असं २०१७ च्या एका जागतिक पाहणीत आलंय. मेथोट्रेक्सेटने मळमळतं, केस गळतात, हे तू तिथे सांगितलंस तेव्हा "होतं तसं" एवढंच उत्तर आलं. गोळी सोडावीशी वाटली यात तुझी चूक मी आता धरत नाही.

पण त्या चाचणीतली एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून वाच. त्या ८३ जणांची नेहमीची संधिवाताची औषधं चालू होती. त्यांना जे बरं वाटलं ते औषधांच्या वर, औषधांच्या बदली नव्हे. संधिवात हा नुसता दुखण्याचा आजार नाही गो. आतून सांध्याचं अस्तर सुजतं आणि हाड हळूहळू कुरतडलं जातं. दुखणं कमी-जास्त होत राहतं, फार वाढलं की आपण नवा डॉक्टर गाठतो, मग ते आपसूक थोडं उतरतं आणि यश त्या डॉक्टरला जातं. मेथोट्रेक्सेट जसं चढायला आठवडे घेतं तसं उतरायलाही घेतं. तुझी नेवरीची मुरड कदाचित अजून त्याच जुन्या गोळ्यांच्या जिवावर आहे. कदाचित. पण एकदा वाकडं झालेलं बोट पुन्हा सरळ होत नाही, आणि तिथे मला कदाचितवर बसायचं नाही.

म्हणून एवढं कर. उद्याच सोमवार आहे म्हणून लगेच गोळी घेऊ नकोस. मध्ये दोन महिने गेलेत, आधी रक्त आणि लिव्हर तपासून घ्यायला हवं. सांधेतज्ज्ञांकडे पुढच्या शुक्रवारची वेळ मी घेतली आहे, गुरुवारच्या रात्रीच्या बसने निघून सकाळी पोचते. मळमळीवर उपाय आहेत: फॉलिक ॲसिड नेमाने घेणं, मात्रा बदलणं, गोळीऐवजी इंजेक्शन. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी रोज घेतली जाणार नाही, हेही मी कॅलेंडरवर लाल खुणा करून ठेवते. ती चूक जिवावर येते. बाबा, हे काम तुमच्याकडे. प्रश्न मी कागदावर लिहून आणते आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही.

आणि फोंड्याच्या डॉक्टरांना सोडू नकोस. मीही येईन तुझ्याबरोबर एकदा. मेथोट्रेक्सेट सोडा असं ते स्वतः म्हणाले होते का, हेही नीट विचारू. चांगला माणूस असेल तर ते गोळी चालू ठेवा म्हणतील, आणि तू महिन्याला जाऊन त्यांच्याशी बोलत राहा.

बाबा, तुमची मधुमेहाची गोळी चालू आहे ना? तिथे नवीन काही सुरू केलंत तर आधी मला कळू दे.

आई, त्यांनी तुला जी वही ठेवायला सांगितली आहे, कधी दुखलं, कधी झोप नाही लागली, काय आठवलं, ती काढून ठेव. शुक्रवारी इस्पितळातून आलो की दुपारी आपण दोघी मागच्या पडवीत बसू. मला ती पहिल्या पानापासून वाचून दाखव. मामांचं पान आधी आलं तरी चालेल.

तुमची,
बाय