कोमितास अटकेआधीही होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२४ एप्रिलच्या स्मृतिदिनानिमित्त आपण ऑटोमन तुर्कस्तानातल्या आर्मेनियन वंशसंहारावर लेख छापलात, ते बरे केलेत. मात्र त्यात आर्मेनियन संगीतकार कोमितास यांच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन वाक्ये आली. १९१५ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजच्या इस्तंबूलमध्ये) अटक, पुढे मनाचा तोल जाणे, १९३५ साली पॅरिसमध्ये मृत्यू. आणि जाता जाता एक शेरा, की त्यांनी 'गावाकडच्या गाण्यांना पाश्चात्त्य साज चढवला'. माझे भांडण या शेऱ्याशी आहे. मी गेली २६ वर्षे दादरला मुलांना पियानो शिकवते आणि दरवर्षी एकाला तरी कोमितासांचा एखादा नाच वाजवायला देते, म्हणून हा पत्रप्रपंच.

'शुशिकी' हा असाच एक छोटा नाच. गेल्या वर्षी ११ वर्षांच्या एका मुलीने ते पान पाहिले आणि विचारले, "टीचर, ह्यात कॉर्ड्स छापायच्या राहिल्यात का?" कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर. प्रश्न रास्त होता. क्लेमेंटी आणि मोझार्टवर बसलेल्या हाताला हे पान ओसाडच वाटणार. उजव्या हातात एकेरी सुरावट, आपल्याच जागी घुटमळणारी. डावा हात कोरडा, तुटक. कारण पियानोने इथे पियानो व्हायचेच नाही. नखीने छेडायचे 'तार' हे वाद्य आणि सोबतीला डफ, असा तो ढंग आहे. आम्ही पियानो बंद केला आणि पंधरा मिनिटे त्याच्या झाकणावर डफ वाजवला. (खालच्या मजल्यावरच्या काकू चौकशीला वर आल्या.) मग पेडलवरचा पाय काढून ती पुन्हा वाजवायला बसली आणि कॉर्ड्सचा विषय पुन्हा निघाला नाही.

बर्लिनमध्ये १८९६ ते १८९९ अशी ३ वर्षे शिकलेल्या माणसाला कॉर्ड लावता येत नव्हत्या, असे कोण म्हणेल? लावता येत होत्या, म्हणूनच कुठे लावायच्या नाहीत हे त्यांना कळले. जर्मन पद्धतीची स्वरसंहती या सुरांच्या अंगाला बसत नाही. मापे घ्यायची तर सुरांचीच घ्यायला हवीत, हा त्यांचा धडा. याला साज चढवणे म्हणत नाहीत.

हा माणूस कुठून आला तेही सांगायला हवे. १८६९ साली तुर्कस्तानातल्या कुताह्या गावी जन्म, मूळ नाव सोघोमोन. आई तान्हेपणीच गेली, चांभारकाम करणारे वडील तो लहान असतानाच गेले. त्या गावचे आर्मेनियन लोक घरी तुर्कीच बोलत. १८८१ साली, आवाज चांगला म्हणून, या पोरक्या मुलाला आर्मेनियातल्या एच्मियाद्झिनला, आर्मेनियन चर्चच्या मुख्य धर्मपीठात नेले. धर्मगुरू आर्मेनियनमध्ये बोलू लागले, तर याला ती भाषाच येईना. पण स्तोत्र मात्र म्हणून दाखवले, एका शब्दाचाही अर्थ कळत नसताना. पुढे याच मुलाने खेडोपाडी हिंडून आर्मेनियन गाणी उतरवून घेतली. आज त्यांतली सुमारे १२०० शिल्लक आहेत. मूळ संग्रह त्याहून कितीतरी मोठा होता.

उतरवून घेणे म्हणजे नुसती चाल टिपणे नव्हे. आर्मेनियाच्या लोरी भागातल्या वार्दाब्लुर गावचे नांगरणीचे गाणे त्यांनी घेतले, तेव्हा बैलांना घातलेल्या हाका आणि मध्येच दिलेल्या आरोळ्यासुद्धा गाण्याचा भाग म्हणून लिहिल्या. आपल्याकडे मोटेवरची गाणी ज्यांनी विहिरीवर ऐकली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. बैलाला दिलेली हाक वगळली तर त्या गाण्यात उरते काय! आमच्या परीक्षांच्या छापील पुस्तकांतून नेमके हेच वगळलेले असते, पण ते भांडण वेगळे, ते परत कधीतरी.

आता शिकवण्याबद्दल. धर्मपीठाच्या शाळेत त्यांनी शिकवले, गायनवृंद बांधले. देवळातले संगीत जलशात गायल्याबद्दल ते स्वतः धर्मगुरू असूनही धर्मगुरूंचाच रोष ओढवला. १९१० साली ते कॉन्स्टँटिनोपलला आले आणि तिथे ३०० गायकांचा 'गुसान' हा वृंद उभा केला. त्यातल्याच काही निवडक तरुणांना ते वेगळे शिकवीत. ते शिकवणे १९१५ पर्यंत चालले. अटकेनंतर त्यांना तुर्कस्तानातच दूर चांकिरीला धाडले. थोड्याच दिवसांत ते मोजक्या लोकांसह परतले, पण मनाने सावरले नाहीत. शेवटची वर्षे पॅरिसच्या मनोरुग्णालयांत गेली. आपल्या लेखात एवढेच आले आहे आणि ते खरेही आहे.

मात्र त्या तरुणांचे पुढे काय झाले, हे आपल्या लेखात यायला हवे होते. बार्सेघ कानाच्यान बैरुतला गेले आणि तिथे त्यांनी वृंद काढला. नाव ठेवले 'गुसान'च. मिह्रान तुमाजान अमेरिकेत गेले. गाव गमावून तिथे पोचलेल्या आर्मेनियन निर्वासितांसमोर ते वही घेऊन बसत आणि त्यांच्या गावची गाणी उतरवून घेत.

आपली नम्र,
एक पियानो शिक्षिका, दादर