तक्रार: डिजिटल व्हर्नियरचा शून्य सरकतो, दुरुस्तीआधी चूक मोजून द्यावी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

महोदय,

आपल्या कंपनीचा 150 मिलिमीटरचा डिजिटल व्हर्नियर, म्हणजे वस्तू जबड्यांत धरून लांबी मोजायचं उपकरण, मी ऑनलाइन विकत घेतला. वॉरंटी अजून संपलेली नाही. तरीही आपल्या सर्व्हिस सेंटरने 'आत ओल गेली आहे, वॉरंटी लागू नाही' असा एका ओळीचा शेरा मारून तो परत पाठवला. मागच्या झाकणावरचं सील जसंच्या तसं आहे. न उघडता आतली ओल दिसली कशी, हे एकदा समजावून सांगावं.

दोष असा. जबडे मिटून शून्य करायचा, सावकाश उघडून पुन्हा मिटायचे. पडद्यावर कधी 0.00 येतं, कधी 0.14, कधी 0.21. सेल पुस्तिकेत सांगितलाय तोच आणि नवा कोरा. जबडे स्पिरिटने पुसलेले. 10 मिलिमीटरचा गेज ब्लॉक, म्हणजे नेमक्या मापाचा धातूचा ठोकळा, सकाळी 10.01 मिलिमीटर भरतो आणि त्याच दिवशी दुपारी 10.18. खोक्यावर आपण अचूकता ±0.02 छापली आहे.

फोनवरचे आपले प्रतिनिधी म्हणाले, "सर, उंदराच्या कवटीला पॉइंट दोनने काय फरक पडतो?" पडतो, आणि चांगलाच पडतो. मी दापोली परिसरात गव्हाणी घुबडांनी ओकून टाकलेल्या, न पचलेल्या हाडा-केसांच्या गोळ्यांमधून निघणाऱ्या कवट्या ओळखतो. त्यांचा मागचा भाग बहुधा फुटलेला असतो, नाकाची हाडं गळलेली असतात, त्यामुळे पूर्ण लांबी मिळतच नाही. गालाच्या हाडाची कमान शाबूत मिळाली तरी ती इतकी लवचीक, की व्हर्नियरचे जबडे जरा जास्त दाबले की रुंदी आपोआप कमी भरते. शिवाय उंदराची कवटी वयाबरोबर वाढत राहते. मोठ्या घुशीचं पिल्लू आणि शेतातली वयात आलेली छोटी घूस नुसत्या लांबीवरून वेगळी काढणं म्हणजे फसगत. भरवसा ठेवायचा तो वरच्या दाढांच्या ओळीवर, कारण दाढा पूर्ण आल्यावर ती ओळ लांबत नाही. छोट्या घुशीत ही ओळ जेमतेम सात-आठ मिलिमीटरची. त्यात 0.2 ची चूक म्हणजे साधारण अडीच टक्के.

त्यावर प्रतिनिधी म्हणाले, दाढा बघूनच जात कळते तर मोजता कशाला? काही प्राण्यांत खरंच कळते. व्होल हा आखूड शेपटीचा, बोथट तोंडाचा उंदीर आपल्याकडे हिमालयात सापडतो, कोकणात नाही. युरोपातला फील्ड व्होल वरच्या दुसऱ्या दाढेवरच्या एका जादा घडीमुळे कॉमन व्होलपासून वेगळा काढता येतो, तिथे पट्टी लागत नाही. पण सगळे उंदीर इतके सरळ नसतात. म्हाताऱ्या घुशीच्या दाढा झिजून सपाट झाल्या की त्यावर वाचण्यासारखं काही उरत नाही.

माझं खरं नुकसान व्हर्नियरच्या किमतीपेक्षा मोठं आहे. तुलनेसाठी एका संग्रहातून व्होलच्या काही कवट्या मला थोड्या दिवसांसाठी मिळाल्या होत्या. त्या याच व्हर्नियरने मोजल्या आणि मुदतीत परत केल्या. आता कवट्या तिकडे आणि आकडे माझ्या वहीत. त्यातले कुठले खरे, हे फक्त आपलं उपकरण सांगू शकेल.

ओलीबद्दल एकच सांगतो. असे व्हर्नियर पट्टी आणि सरकता भाग यांच्यातल्या विद्युतधारितेवर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर) चालतात, तिथे दमट थर बसला तर आकडा भरकटतो, हे मला मान्य आहे. पण आपण हे मॉडेल 'आयपी 54' म्हणून विकता, म्हणजे पाण्याचे शिंतोडे उडाले तरी चालेल असं. मी त्यावर पाण्याचा थेंबही पडू दिलेला नाही. काम झालं की तो सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात, कवट्यांच्या शेजारी जातो. जुलैत इथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, हा काही ग्राहकाचा निष्काळजीपणा नव्हे. कोकणची हवा सोसत नसेल तर जाहिरातीत तसं छापा आणि इथल्या पिनकोडला माल पाठवू नका.

म्हणून माझी मागणी क्रमाने वाचावी, कारण क्रम महत्त्वाचा आहे. व्हर्नियर पुन्हा आपल्याकडे पाठवत आहे. तो उघडण्याआधी, पुसण्याआधी, आहे त्या अवस्थेत प्रमाणित गेज ब्लॉकवर 5, 10, 20 आणि 30 मिलिमीटरला, प्रत्येक ठिकाणी अनेकदा तपासून आकडे लेखी द्यावेत. चूक स्थिर नसली तरी ती कितीपासून कितीपर्यंत फिरते हे कळलं, तर वहीतले कुठले आकडे खोडायचे ते मला ठरवता येईल. आधी दुरुस्ती केलीत तर हा पुरावा कायमचा गेला. तपासणी झाल्यावर नवा व्हर्नियर द्यावा किंवा कुरिअरसह पूर्ण रक्कम परत करावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' हा ईमेल मला आधीच आला आहे, तो पुन्हा पाठवू नये.

आपला,
एक ग्राहक
दापोली, जि. रत्नागिरी

सोबत: बिलाची प्रत, सर्व्हिस सेंटरचा शेरा, सीलचा फोटो, गेज ब्लॉकवरच्या आकड्यांचा व्हिडिओ