वीज पडलेल्या माणसाला हात लावा

मा. संपादक, स.न.

कालच्या अंकातली वीज पडून गेलेल्या शेतकऱ्याची बातमी रात्रभर डोक्यातून गेली नाही म्हणून लिहितेय. 'अंगात करंट असेल या भीतीने अर्धा तास कोणी जवळ गेलं नाही' असं छापलंत आणि पुढे लगेच तलाठ्याचा पंचनामा, चार लाखांची मदत. अहो, मधे एक ओळ तरी टाकायची होती की करंट अंगात राहतच नाही! वीज क्षणात जमिनीत जाते, त्या माणसाला लगेच हात लावला तरी काही होत नाही.

आमच्या दादाला असंच घालवलं आम्ही. २०११ चा वळीव, दादा आणि चुलतभाऊ दोघं लिंबाखाली. चुलतभाऊ बोंबलत होता, पाय निळे, गार, हलेनात, सगळे त्याच्याकडे पळाले. दादा गप्प पडलेला, अंगावर भाजल्याचा डागसुद्धा नाही. डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात, गेला म्हणाले. मी जवळ जायला लागले तर मला दंडाला धरून मागे ओढलं. आणि चुलतभावाचे पाय संध्याकाळपर्यंत आपोआप हलायला लागले! विजेने आलेला लुळेपणा बहुतेक वेळा काही तासात जातो, हे नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं. म्हणाले, गप्प पडलेल्यालाच आधी बघायचं असतं. हृदय कधीकधी स्वतःहून परत चालू होतं पण श्वास बंदच राहतो, तेवढा वेळ छाती दाबून तोंडाने श्वास दिला तर माणूस वाचू शकतो, बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणजे मेला असं विजेत धरायचं नसतं. गावात मात्र अजून म्हणतात, पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला होता म्हणून त्याच्यावर पडली. ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो.

आणि ते 'किरकोळ जखमी' लिहिणं बंद करा. चुलतभावाचाही ईसीजी नॉर्मल म्हणून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं होतं. कानाचा पडदा फाटलेला, पुढच्या वर्षी मोतीबिंदू, झोप नाही, पैसे कुठे ठेवले ते आठवत नाही आणि घरचेच म्हणतात नाटकं करतो.

वीज पडण्याचा इशारा देणाऱ्या दामिनी ॲपची माहिती छापता ते चांगलंच आहे, पण ते वीज पडायच्या आधीचं झालं. मृगाच्या आधी पहिल्या पानावर एक चौकट द्या: हात लावा, श्वास बघा, नसेल तर छाती दाबायला लागा, १०८ ला फोन करा. बाजारभावाच्या वर द्या, तिथे सगळे बघतात.

आपली नेहमीची वाचक,
जि. लातूर