विमानतळावर साधे सॉकेट पुरे

महोदय,

वणी, मारेगाव, पांढरकवड्याकडच्या माणसाला विमान धरायचे तर आधी नागपूर गाठावे लागते. वणीहून अंतर शंभर किलोमीटरच्या वर. छोट्या इलेक्ट्रिक गाडीची निम्मी बॅटरी वाटेतच संपते. पुढे ती दोन-तीन दिवस वाहनतळात नुसती उभी! तिला महागडा फास्ट चार्जर कशाला? १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून तासाला तीनेक युनिट वीज मिळते, म्हणजे १० तासांत ३० युनिट. रात्रभरात काम फत्ते. वर सौर पॅनेलचे छत टाकले तर मे महिन्यात गाडीला सावलीही होईल (उन्हाची टंचाई आपल्याकडे नाहीच). विमानतळ प्रशासनाने दीर्घ मुदतीच्या पार्किंगमध्ये एक रांग तरी अशी करावी. फुकट नको, मीटर लावून पैसे घ्या.

– एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)