चार्जरचा काटा ठीक, पण बॅटरीचं काय?

महोदय,

मृगाच्या पहिल्या पावसात रात्री अकरा वाजता शेजारच्या मुलाचा फोन आला. पोरगा गेल्या वर्षी एका 33 केव्ही उपकेंद्रात कंत्राटी यंत्रचालक म्हणून लागला आहे. म्हणाला, "काकाजी, चार्जर तं ठीक दाखवते, पण लाइन गेली का पॅनलचे दिवे मिणमिण करतात." मी विचारलं, बॅटरीच्या सेलची ग्रॅव्हिटी (आतल्या आम्लाची घनता, ती हायड्रोमीटरने मोजतात) किती आहे? तो म्हणाला, "हायड्रोमीटर तं मी इथं कधी पाह्यलाच नाही." मग सेलमध्ये पाणी कोणतं टाकता? पिण्याच्या कॅनमधलं आरओचं. त्या रात्री मला झोप आली नाही, म्हणून हे पत्र.

ज्यांनी उपकेंद्र आतून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फीडरवर, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या लाइनवर, तार तुटून पडली की रिले ते ओळखतो आणि ब्रेकर उघडतो, म्हणजे लाइन बंद होते. पण ब्रेकर उघडणारी ट्रिप कॉइल चालते ती बाजूच्या खोलीतल्या बॅटरीवर. आमच्याकडे 2 व्होल्टचे 55 सेल ओळीने जोडलेले होते, म्हणजे 110 व्होल्टचा संच. चार्जर त्याला रात्रंदिवस फ्लोटवर, म्हणजे भरलेला राहील इतक्या हलक्या चार्जिंगवर, ठेवतो, सेलमागे साधारण 2.2 व्होल्ट, मीटरवर 121. बॅटरी उतरली तर बूस्टवर, म्हणजे जोरात चार्जिंगवर, घ्यायचं. तेव्हा सेलमागे 2.4 पर्यंत जातं, सेल उकळतात, हायड्रोजन सुटतो, म्हणून आधी एक्झॉस्ट पंखा लावायचा आणि काम झालं की न विसरता परत फ्लोटवर यायचं.

2009 च्या मे महिन्यातली गोष्ट. संत्र्याचा पट्टा, आंबिया बहाराची फळं झाडावर, रात्रपाळीच्या विजेवर ओलित चाललेलं. वादळात उपकेंद्राजवळच 11 केव्हीची तार तुटली. ब्रेकर ट्रिप झाला नाही. शेवटी वरच्या उपकेंद्रातून सप्लाय तुटला, पण तोवर आमच्या ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग जळाली होती. चार दिवस सात गावं अंधारात आणि बागा कोरड्या. गेटवर आलेल्या शेतकऱ्यांना काय सांगावं ते मला सुचत नव्हतं. त्या पाळीची लॉगशीट माझ्या अक्षरात होती. दर तासाला डीसी व्होल्टेज 121, 121, 121.

तो आकडा खोटा नव्हता. तो चार्जरचा होता. जवळ शॉर्ट झाला की उपकेंद्राचाच एसी सप्लाय बसतो आणि त्याच्यासोबत चार्जरही बसतो. नेमक्या त्या क्षणी बॅटरीने ट्रिप कॉइलला करंट द्यायला हवा होता. तो मिळाला नाही, कारण 38 नंबरच्या सेलचा खांब (टर्मिनल) आतून गंजून प्लेटपासून सुटला होता. बाहेरून सेल स्वच्छ, पातळी बरोबर, खांबांवर पेट्रोलियम जेली लावलेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा संशय चार्जरवर. कंट्रोल कार्ड बदला, एससीआरचे (चार्जरचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागाचे) फ्यूज पाहा, हेच सुरू झालं. चार्जर बिघडतोच, नाही असं नाही. इनपुटचा एक फेज गेला तर ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणता आवाज बदलतो आणि करंट पुरेसा चढत नाही. पण इथे आवाज नेहमीचा होता. मी मल्टीमीटर घेऊन एकेक सेल मोजत गेलो. सगळे 2.06, 2.07. 38 नंबरवर आकडा नऊच्या आसपास. दोन व्होल्टच्या सेलवर नऊ! साखळी तिथे तुटली होती, म्हणून उरलेलं सगळं व्होल्टेज त्या एका सेलवर दिसत होतं. बॅटरीच्या अॅमीटरचा काटा शून्यावर होता. भरलेली बॅटरी फ्लोटवर इतका कमी करंट घेते की मोठ्या मीटरवर काटा शून्यालाच टेकलेला दिसतो. आम्ही ते बॅटरी भरल्याचं लक्षण समजत होतो. ती तुटली असण्याचंही तेच लक्षण आहे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नेम पाळला. महिन्यातून एकदा, वरच्या उपकेंद्राला कळवून, साहेबांची परवानगी घेऊन, चार्जरचा एसी स्विच बंद करायचा आणि हात स्विचवर ठेवूनच मीटर पाहायचा. बॅटरी चांगली असेल तर व्होल्टेज 121 वरून थोडं उतरून 110 च्या थोडं वर स्थिरावतं. ते कोसळू लागलं तर स्विच लगेच चालू करायचा आणि त्याच दिवशी सेल मोजायला घ्यायचे. या कामाला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

पाण्याबद्दल तर कळकळीने सांगतो. सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटरच टाकावं. आरओच्या पाण्यात क्षार आणि क्लोराइड उरतात आणि शिशाच्या प्लेटा खातात. पातळी कमी दिसली म्हणून आम्ल तर ओतूच नये. उडून गेलेलं असतं ते पाणी, आम्ल आतच असतं. आणि आमच्या भागात मे महिन्यात बॅटरीची खोली चाळिशी ओलांडते. बंद पडलेला एक्झॉस्ट पंखा, वर पत्रा, आणि फ्लोटची सेटिंग मात्र हिवाळ्यातलीच. उष्णतेत त्याच व्होल्टेजला सेल जास्त करंट ओढतो, पाणी भराभर आटतं, प्लेटा लवकर जातात. अंश सेल्सिअसमागे सेलचं व्होल्टेज 3 मिलिव्होल्टच्या आसपास कमी करावं लागतं. ते करणारं कुणीतरी हवं.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक उपकेंद्राला एक हायड्रोमीटर, एक थर्मामीटर, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि सेलवार नोंदीची वही मिळावी. नव्याने लागलेल्या कंत्राटी मुलांना किमान दोन दिवस जुन्या यंत्रचालकासोबत बॅटरीच्या खोलीत उभं करावं. मला बोलावलं तर मी येईन, मानधन नको.

त्या मुलाला मी माझा हायड्रोमीटर दिला आहे. रविवारी त्याने 55 सेल मोजून आकडे पाठवले. बहुतेक 1190 ते 1200, म्हणजे ठीक. 17 नंबरला 1110 आणि 41 ला 1130, म्हणजे हे दोन उतरलेले. वरच्या कार्यालयाला त्याने लेखी कळवलं आहे, पोच त्याच्याकडे आहे. पावसाळा सुरू झाला, तारा आता कधीही पडतील.

आपला,
एक निवृत्त यंत्रचालक,
अचलपूर, जि. अमरावती